हुकलेल्या गुद्द्याचा इलाज

मिरजेच्या मेंदू-प्रयोगशाळेत सकाळी सकाळी हाणामारी चालली होती. पडद्यावर पांढऱ्या मिशांचे एक गुरुजी भीषण आरोळी ठोकून हवेत झेपावले, तीन गिरक्या घेतल्या, दुष्टाच्या चहात बिस्किट बुडवलं आणि परत जागेवर जाऊन बसले.

इस्माईलचाचा खो-खो हसले. आणि अर्धांगवायूनंतर अकरा महिने लाकडासारखा पडलेला त्यांचा उजवा हात मांडीवरून चार बोटं उचलला गेला.

"हलला!" अभियंता रेवण ओरडला. "मॅडम, खऱ्या मारामारीचा चित्रपट दाखवला तेव्हा हाच हात ढिम्म होता की!"

"लाथ येताना दिसली की पाहणाऱ्याचा मेंदूही ती अडवायला हाताला हुकूम देतो," डॉ. शर्वाणी म्हणाल्या. "पण लगेच लगाम खेचतो, कारण हा सिनेमा आहे. इथे लाथेऐवजी बिस्किट आलं आणि मेंदूचं भाकीतच फसलं, तेही धोका नसताना. म्हणून हसू आलं. त्या हसण्यात लगाम सुटतो आणि हुकूम हातापर्यंत पोचतो."

"म्हणजे येडेपणा हेच औषध?" चाचा म्हणाले. "मग माझ्या बेगमला सांगा, चाळीस वर्षं तिच्या घरात दवाखाना आहे!"

चाचा सतारी बनवत. त्यांना एकच हवं होतं, सतारीच्या दांडीवरचे सुरांचे पडदे पुन्हा स्वतःच्या हाताने बांधायचे.

पण तोच चित्रपट दुसऱ्यांदा लावला, तर हात हलेना. मेंदूला आता शेवट ठाऊक होता. मग रेवणच्या चित्ररचक यंत्राने रोज नवे चित्रपट रचले. तीन आठवड्यांत मेंदूने यंत्राच्या खोड्याही ओळखल्या. हात छातीपाशी येऊन अडला.

चाचा दोन दिवस कक्षातल्या इतर रुग्णांचे हात न्याहाळत बसले. तिसऱ्या दिवशी रेवणला म्हणाले, "तुमच्या यंत्राचा हात सराईत आहे, बेटा. आमचे हात बघ. कुठे जातील, आम्हालाच माहीत नाही!"

झालं! कक्षातले नऊ रुग्णच चित्रपटातले योद्धे झाले आणि स्वतःच्याच लढाया पडद्यावर बघू लागले. खलनायक चाचांनी गुद्दा उगारला, तो भरकटला, स्वतःचीच टोपी उडवून पाटीलबाईंच्या मांडीवर पोचला. पाटीलबाईंची लाथ खुर्चीला लागली आणि खुर्चीच शरण आल्यासारखी आडवी झाली. भाकीत कुणालाच करता येईना. हशा मोजायला लावलेल्या हास्यमापकाचा काटा टोकाला टेकला. रोज नवी लढाई, रोज नवा हशा. सगळ्यांचे हात सैल होत गेले.

दोन महिन्यांनी नव्या चित्रपटात चाचांनी आरोळी ठोकून गुद्दा मारला. काटा जागचा हलला नाही. कुणी हसलं नाही.

"पुन्हा घेऊ?" चाचा ओशाळून म्हणाले.

पुन्हा तेच.

"चाचा, आता तुमचा गुद्दा नेम धराल तिथेच बसतो," शर्वाणी म्हणाल्या. "मेंदूला तो आधीच कळतो. त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही."

"म्हणजे मला सिनेमातून काढलं?"

"काढलं!"

चाचा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्याच हाताने त्यांनी रेवणची पाठ इतक्या जोरात थोपटली, की तो खोकला.

"चल, मला दुकानात सोड," ते म्हणाले. "पडदे बांधायचेत."