पाणकोटची खरवडलेली ओळ

सब-इन्स्पेक्टर उन्नती वर्तक होडीतून उतरली, तेव्हा पाणकोट बेटावरच्या सभागृहाबाहेर गर्दी ओरडत होती.

"प्रिस्कालाच धरा!"

आत भिंतीवर लाल ऑइलपेंटने बेटाचा इतिहास रंगवला होता. पहिली लाँच, पहिली वीज, वादळं. एकूण बेचाळीस ओळी. दुपारी अनावरण होतं. त्यातली एकच ओळ कोणीतरी खरवडून काढली होती. वरखालच्या ओळींना ओरखडाही नव्हता.

"काय होतं तिथे?"

"१९७१. होडी चालवणाऱ्या पास्कू तांडेलाच्या हट्टापायी ती बुडाली, नऊ जण गेले," निवृत्त शिक्षक शांताराम मास्तर म्हणाले. सगळा मजकूर त्यांचाच होता. "प्रिस्का पास्कूची मुलगी. तिला ते सोसवलं नाही."

"ही ओळ आणखी कोणी वाचली होती?"

"नाही. पेंटर काल पाचला पडदा टाकून विरारला परतला."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक प्रिस्काकडे. ती इथे झाडू मारते." मास्तरांनी डाव्या हाताने चष्मा सावरला. उजवा खिशातच होता.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर चिठ्ठी होती : मॅग्डलीन आजी, नायगाव.

"त्या होडीतून वाचलेली एकटीच," मास्तर म्हणाले. "येते म्हणून काल संध्याकाळी फोन आला तिचा."

प्रिस्का पायरीवर बसली होती. साठीची, चिवट बाई.

"मेलेल्या बापाला पन्नास वर्सं शिव्या घातल्या यांनी. आता मला घालतात. मी नाय केलं."

उन्नतीने जबाब लिहून कागद तिच्यापुढे धरला. "बघा, बरोबर आहे?"

प्रिस्काने त्यावर नजर फिरवून मान हलवली. "अंगठा कुटं लावू?"

उन्नती बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. मग तिने सगळ्यांना आत बोलावलं.

"मी जबाब उलटा धरला होता. प्रिस्काबाईंना ते कळलं नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी बेचाळीस ओळींतून नेमकी हीच कशी शोधली?"

"कोनीतरी दाखवली असंल!" गर्दीतून आवाज आला.

"कोणी? ओळ दोघांनाच माहीत होती. पेंटर विरारला होता. राहिले मास्तर."

"मी माझंच लिखाण कशाला पुसू?"

"लिहिलंत, तेव्हा मॅग्डलीन आजी येणार नव्हत्या. आत्ता त्यांच्याशीच बोलले मी. वारा बघून पास्कू तांडेलाने होडी काढायला नकार दिला होता. तुमच्या वडिलांनी, तेव्हाच्या सरपंचांनी, वऱ्हाड पोचवायचं म्हणून ती जबरदस्तीने काढायला लावली. ओळ वाचून आजी सगळ्यांदेखत बोलल्या असत्या. ओळच नसती, तर विषयच निघाला नसता. आळ घ्यायला प्रिस्काबाई होत्याच. खिशातला हात बाहेर काढा, मास्तर."

नखांत अर्धवट सुकलेला लाल रंग होता.

"या सभागृहाला बाबांचं नाव आहे," मास्तर पुटपुटले.

एवढा वेळ ओरडणारे आता जमिनीकडे बघत होते. प्रिस्काची माफी मात्र कोणीच मागितली नाही. ती उठली, कोपऱ्यातला ब्रश उचलून तिने मास्तरांपुढे धरला.

"बापाचं नाव ऱ्हाऊ दे तुज्या. माज्या बापाचं खरं काय ते लिव. मोठ्यानं वाचत लिव, म्हंजे मला कळंल."

मास्तरांनी ब्रश घेतला.