ठेंगणा ट्रक

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तो ठेंगणा ट्रक दिसला आणि शिवहार थबकला. मिस्त्री आपलं काम लांबून ओळखतो. गाभण मेंढ्यांना आपल्या आपण चढता यावं म्हणून मेंढपाळ नामाजींनी दिवाळीत त्याच्याच बाळापूरच्या गॅरेजात जुन्या ट्रकची मागची बाजू खाली करून घेतली होती. तो वाकून चाकामागे पाहू लागला, तर वरून आवाज आला, "काही हरवलं का तुमचं?"

ती नामाजींची लेक राधिका. शिवहारचं तेव्हा खरंच काहीतरी हरवलं... पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

गाडी मागून आदळते का, त्याने विचारलं. तिचं हसू मावळलं. दोन मेंढ्या गाभडल्या होत्या, पोटातली कोकरं गेली होती, आणि वडील रस्त्याला दोष देत होते.

शिवहारला आपली चूक उमगली. ट्रक खाली घेताना हादरे झेलणाऱ्या शॉकपची वरची पकड त्याने जुन्याच जागी ठेवली होती. शॉकपला दबायला जागाच नव्हती. प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट मेंढ्यांना बसत होता. "गॅरेजात आणा," एवढंच तो बोलला.

दोन दिवस खपून त्याने पकड वर सरकवली, शॉकप नीट उभा राहील असं बेतून वेल्डिंग केलं. राधिका पाने हातात देई. बोटाला बोट लागलं की दोघंही पान्याकडेच पाहत.

"रोज इतकं मन लावून करता," ती म्हणाली, "का मी हाय म्हणून?"

गाडी न्यायला आलेले नामाजी खूश होते. "आपल्यातलाच पोरगा, हाताला गुण. राधिकेसाठी असाच पाहून राहिलो."

आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. शिवहारला ते जमेना.

"काका, रस्त्याचा दोष न्हाई. चूक माझी. तुमची कोकरं माझ्यामुळं गेली."

नामाजी उठून ट्रकमध्ये जाऊन बसले. शिवहार राधिकेकडे वळला. "माझा जीव जडला तुमच्यावर. पन खोटं बोलून तुम्हाला घरी नेलं असतं, तर रोज तोंड कसं दाखवलं असतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यातली एक मेंढी मी वाढवली होती... राग जायला येळ लागंल."

"लागू द्या."

पुढे जागा असूनही ती मागच्या रिकाम्या हौद्यात चढली. नामाजींनी काचेतून दोघांकडे पाहिलं, गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"बसा ना," राधिका हळूच म्हणाली. "हादरा बसला तर दोघांलाबी बसू द्या."

शिवहार हात न पुसताच चढला.