सलगेच्या नावाची फांदी

म्हाताऱ्या सलगेला गोठ्यात खुंट्याला बांधलं होतं. तिच्या ओठांवर शेण वाळलं होतं, कोणीतरी ते कोंबून भरवलं होतं. फौजदार फिलोमिना केरकेट्टाने आधी दोर कापला, मग बाहेर जमलेल्या गावाकडे वळली.

"हिला कोणी बांधलं?"

"गावानं," गावचा मुखिया, प्रधान म्हणाला. "मॅडम, तापानं दोन पोरं गेली. आमच्या भगतानं, जानगुरूनं कौल लावला, डाकीण हीच निघाली. दिवस मावळला की हिला हद्दीबाहेर घालवायचं."

हद्दीबाहेर म्हणजे कुठे, ते फिलोमिनाला ठाऊक होतं. मागच्या वर्षी अशीच एक म्हातारी तिने विहिरीतून वर काढली होती.

"कौल दाखवा."

तळ्याकाठच्या चिखलात साल वृक्षाच्या सात फांद्या रोवल्या होत्या, घरटी एक. सहा हिरव्यागार होत्या. सातवीने मान टाकली होती.

"काकीची," सलगेचा पुतण्या रूपाय म्हणाला. "एका रात्रीत सुकली. देवानंच दाखवलं, आम्ही काय करणार?"

"रात्री इथं कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. अख्खं गाव जानगुरूसमोर बसून होतं."

"रोवल्या कोणी?"

"ज्याची त्यानं," प्रधान म्हणाला. "घरच्या पुरुषानंच तोडायची, आणायची, रोवायची. बाईचा हात लागला तर कौल बाटतो."

फिलोमिनाने सुकलेली फांदी उपटून तळ्यात धुतली. बूड काळंठिक्कर होतं. तिच्या बोटांना काजळी लागली. शेजारची उपटली, तर तिचा काप ओला आणि पांढरा.

"हिचं बूड चुलीत भाजलंय. भाजलेलं बूड पाणी ओढत नाही. रात्री कोणी आलं नाही, म्हणजे हे रोवण्याआधीच झालं. आता सांगा, सलगेला नवरा नाही, मुलगा नाही. मग तिची फांदी कोणी आणली?"

सगळे रूपायकडे बघत होते.

"ही गेली की शेत कोणाचं?"

"पुतण्याचं," प्रधान पुटपुटला.

"तीन बिघे घेऊन काय करणार होती थेरडी?" रूपाय खेकसला. फिलोमिनाने त्याला बेड्या घातल्या. त्या हाताला हात लावायचीही तिला किळस आली.

मागोमाग तळ्याकाठी आलेल्या सलगेने चूळ भरली. "बाई, म्हणजे पोरं मी खाल्ली नाहीत ना? दोन दिवस मीच मला विचारत होते."

तेवढ्यात प्रधान हात जोडून पुढे आला.

"मॅडम, डाकीण अजून गावातच आहे म्हणजे. उद्या नव्या फांद्या लावू का?"