वझरकरांचा पाऊल-अंक

पाऊलवेध केंद्राच्या भिंतीवर सोळा पडदे होते आणि त्यांतल्या पंधरांवर टाकेनगरचा साठफुटी रस्ता वाहत होता. अकराव्या पडद्यावर तेवढं कालचं चित्रण लावलं होतं. त्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ जेवणाचा डबा घेऊन उभे होते. चाळीस मिनिटं झाली तरी उभेच होते. तेच गृहस्थ, हेमंत वझरकर, आता डॉ. सानिका बेंद्रे हिच्यासमोर खुर्चीत बसून स्वतःकडे पाहत होते. पडद्यावरचा माणूस उभं राहण्यात काही चूक तर करत नाही ना, अशा नजरेने.

"तेवढ्या वेळात सत्तावीस जण रस्ता ओलांडून गेले, काका," सानिका म्हणाली.

"एकतीस. चार जण पलीकडून आले, ते तुम्ही धरले नाहीत. आणि त्यांच्या मागून निघावं, तर चाकं थांबल्याची खात्री करेपर्यंत ते पलीकडे पोचतात आणि गाड्या सुटतात."

चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून वझरकरांनी दुकानदारांच्या तराजूंतली तफावत पकडली होती. निवृत्तीनंतर पकडायला काही उरलं नाही, म्हणून ते टाकेनगर पादचारी सुरक्षा समितीचे चिटणीस झाले. समितीने अर्जांवर अर्ज केले म्हणून तर ही यंत्रणा टाकेनगरात आली. अकरा महिन्यांत एकही अपघात झाला नव्हता. तक्रार एकच आली होती, आणि ती चिटणिसांचीच होती.

सानिकाने ही यंत्रणा बनवली होती, त्यामुळे समजावून सांगणं तिच्याकडेच आलं. साठफुटीवरच्या सगळ्या गाड्या स्वयंचालित. कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी त्या थांबू लागल्या, तर रस्ता दिवसभर तुंबेल. म्हणून खांबांवरचे डोळे माणसाला त्याच्या चालीवरून, हातवाऱ्यांवरून ओळखतात, आणि हा आता पाऊल टाकणार की नाही, याचा अंदाज त्याच्या आजवरच्या वागण्यावरून बांधतात. हा झाला पाऊल-अंक, शून्य ते शंभर. अंक मोठा असेल तर गाडी साठ मीटरवरूनच वेग उतरवते.

"म्हणजे जो बेधडक उतरतो, त्याच्यासाठी गाडी थांबते. आणि जो शिस्तीत थांबतो?"

"तो थांबणारच आहे, हे गाडीला ठाऊक असतं. मग ती कशाला थांबेल?" सानिकाने कागद पुढे सरकवला. "तुमचा अंक शून्य पूर्णांक दोन आहे. दिव्याच्या खांबाचा याहून जास्त येतो, काका. तो वाऱ्याने हलतो तरी."

वझरकरांना यात अपमान दिसला नाही. त्यांनी आकडा तपासून घेतला आणि विचारलं, की मग सरळ पाऊल टाकलं तर?

सानिकाचं हसू गेलं. "टाकू नका. तुमच्यासाठी कुठलीच गाडी आधीपासून सावध नसते. अचानक उतरलात, तर ब्रेक लागूनही ती उभी राहील ती तुम्हाला उडवून, दहा मीटर पुढे."

"अंक वाढवा मग."

अंक हाताने बदलता येत नव्हता, आणि ते मुद्दाम केलेलं होतं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात नगरसेवकांचे सगळे पाहुणे शंभरावर गेले असते.

वझरकरांनी डबा मांडीवर घेतला. आता सांगायचं ते सांगणं त्यांना जड जात होतं. साठफुटीच्या पलीकडे, त्यांच्या गॅलरीतून दिसणाऱ्या, मोडल्या हाडांच्या रुग्णांना पुन्हा चालतं करणाऱ्या पुनर्बल केंद्रात त्यांची बायको वैजयंती तीन आठवड्यांपासून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. जन्मभर ही बाई नुसता तळहात दाखवून रस्ते ओलांडत आली आणि पडली ती स्वतःच्या न्हाणीघरात. शस्त्रक्रिया झाली होती, पण ती उठायला तयार नव्हती. परक्यांच्या आधाराने चालणार नाही, हे येतील तेव्हा बघू, म्हणायची. भेटीची वेळ चार ते पाच. समोर पट्टे असताना वळसा घेणं यांना पटत नसे, म्हणून आधी चाळीस मिनिटं कडेला थांबून मग रिक्षाने साडेतीन किलोमीटरचा वळसा घालून हे पोचत, तेव्हा दहा मिनिटं उरलेली असत. महिनाअखेर ती चालली नाही तर सांधा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मधे शेजारच्या टिपणिसांचा हात धरूनही पाहिला होता. टिपणीस फोनवर बोलत, मान वर न करता रस्ता ओलांडण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांचा अंक एक्याण्णव. तेही वझरकरांबरोबर पंधरा मिनिटं तिष्ठत राहिले, जन्मात पहिल्यांदाच.

"हात धरलेल्या दोघांतला कमी अंक धरतो आम्ही," सानिका म्हणाली. "आईने हात धरलेलं मूल पळत सुटत नाही, म्हणून."

तिने एक वाट काढली. रविवारी जलवाहिनीच्या कामासाठी साठफुटी दोन तास बंद राहणार होता. गाड्या जागच्या जागी उभ्या, पण खांबांवरचे डोळे उघडे. तेवढ्यात वझरकरांनी बेशिस्त गिरवून घ्यायची.

त्यांनी ती शिस्तीत गिरवली. नव्वद वेळा बेधडक उतरले, दर दहा वेळांनी वहीत रेघ मारली. दुपारी सानिकाचा फोन आला, की अंक चौसष्ट झालाय.

सोमवारी चार वाजता ते कडेला येताच गाड्यांनी खरोखर वेग उतरवला. अगदी रांगत्या झाल्या. पण उभ्या राहिल्या नाहीत. उतरणाऱ्याला जागा मिळेल इतकाच वेग गाडी कमी करते. पाऊल पडल्यावर मग थांबते. वझरकरांनी वर फलकाकडे पाहिलं. 'वाहन पूर्ण थांबल्याशिवाय पाऊल टाकू नये.' हे वाक्य समितीच्या बैठकीत त्यांनीच सुचवलं होतं. 'पूर्ण' हा शब्दही त्यांचाच. ते गाड्यांची वाट पाहत राहिले, गाड्या त्यांची. मग गाड्यांनी नोंद घेतली आणि निघून गेल्या. गुरुवारी अंक पुन्हा एकाच्या खाली होता.

सानिकाने सगळ्या नोंदी पुन्हा तपासून फोन केला. म्हणाली, की यंत्रणेत दोष सापडत नाही, काका, आणि तुमच्यातही नाही.

शुक्रवारी सव्वाचारला पुनर्बल केंद्राचं फाटक उघडलं. वैजयंतीबाई वॉकर टेकत बाहेर आल्या, मागे नर्स काकुळतीला आलेली. कडेशी येऊन त्यांनी एक हात सोडवला आणि सवयीने तळहात पुढे केला. साठ मीटरवरून गाड्या मंदावल्या. त्या उतरताच दोन्ही बाजूंच्या गाड्या ठप्प उभ्या राहिल्या. त्यांना इकडे यायला किती पावलं लागली, ते वझरकरांना सांगता आलं नसतं. त्यांनी मोजली नव्हती.

"रोज खिडकीतून बघतेय तुमचं हे उभं राहणं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चला आता."

वझरकरांनी त्यांचा हात घट्ट धरला. दोघं रस्त्याकडे वळली, नर्स वॉकरला हात लावून मागे. गाड्या धावू लागल्या होत्या. वैजयंतीबाईंनी तळहात दाखवला. एकही गाडी मंदावली नाही. पाच मिनिटं झाली. त्यांनी अंगाचा भार वॉकरवर टाकला.

"यांना झालंय काय?"

"मी तुझा हात धरलाय ना, म्हणून. दोघांतला कमी अंक धरतात."

"मग सोडा."

"पडशील, वैजू."

"न्हाणीघरात पडले तेव्हा कुठे धरला होतात? सोडा म्हणते ना."

त्यांनी हात सोडला. त्या वॉकर टेकून एकट्या कडेशी सरकल्या, आणि लांबवर गाड्या मंदावल्या. त्या उतरल्या. सगळं थांबलं. वझरकरांनी चाकं निरखून पाहिली, पूर्ण थांबल्याची खात्री केली, आणि दोन पावलं मागून निघाले.

पाच वाजता घंटा झाली. वैजयंतीबाई डबा खाऊन आडव्या झाल्या होत्या. वझरकर नियमाप्रमाणे उठले, बाहेर येऊन कडेला उभे राहिले. गाड्या धावत होत्या. वीस मिनिटांनी ते स्वागतकक्षात परत आले.

"भेटीची वेळ संपली, आजोबा," तिथली मुलगी म्हणाली.

"मान्य आहे. पण बाहेरचा फलक वाचा. माझ्यासाठी वाहन थांबत नाही, आणि ज्यांच्यासाठी थांबतं त्या झोपल्यात. त्या उठून मला पोचवेपर्यंत मला थांबावं लागेल."

मुलीने काचेतून फलक वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि वैजयंतीबाईंच्या खोलीत खुर्ची पाठवायला सांगितली.

रिक्षाने साडेतीन किलोमीटरचा वळसा घालून घरी जाता येतं, हे वझरकरांनी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत मापात त्यांनी ठेवलेली ही पहिली कसर.