शेवटचा पीळ

जुनी गाडी बाळगणं म्हणजे घरात म्हातारं माणूस सांभाळणं. आज गुडघा, उद्या कान. बाबा हे हसत सांगायचे. त्यांच्या माघारी गाडी तिच्याकडे आली तेव्हा हसणं गेलं होतं, कुरकुर तेवढी उरली होती.

गाडी दोन सीटांची, सायीच्या रंगाची, वर कापडी टप. टप लावला की पुढच्या काचेवरच्या दोन कड्या अडकवायच्या, एक चालवणाऱ्याने, एक शेजारच्याने. चालवणाऱ्याच्या सीटखाली एक स्प्रिंग होती. कोणी बसलं की ती बदकासारखी एकदाच ओरडे. बाबांनी आयुष्यभरात गाडीचं सगळं काढलं-बसवलं, पण त्या स्प्रिंगला हात लावला नाही. "मी आलोय हे तिला कळायला नको का?" म्हणायचे.

दादाने आधीच बजावलं होतं, "चालती आहे तोवर ठेव. बंद पडली की विकायची. दारात पांढरा हत्ती नको."

त्यामुळे बारीकसारीक गोष्टी बिघडायला लागल्या तेव्हा तिला पहिला संशय दादाचाच आला. आधी काच वरखाली करायचा दांडा निखळला. मग टपाची कडी खिळखिळी झाली. मग सीट पुढेमागे सरकेना. सगळं शेजारच्या बाजूचं.

"इंजिन ठणठणीत आहे हो ताई," मेस्त्री हात पुसत म्हणाला. "ही एकच बाजू कुणीतरी खेळवल्यासारखी वाटते. आठवड्याने येतो सामान घेऊन."

सामान यायच्या आधीच एका सकाळी दांडा जागेवर होता. नीट बसवलेला, तेल दिलेला. फक्त एक स्क्रू अर्धा बाहेर राहिलेला, आणि सीटवर स्क्रू ड्रायव्हर, मूठ दाराकडे करून ठेवलेला.

ती बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिली.

लहानपणी ती बाबांच्या मागेमागे असायची म्हणून ते तिला शेपूट म्हणत. कुठलंही काम ते पुरं करत नसत. शेवटचा स्क्रू अर्धा ठेवायचा, स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मूठ तिच्यापुढे करायची. "शेवटचा पीळ शेपटीचा." तिने पिळलं की काम झालं, त्याआधी नाही. दादाला ग्रीसच्या वासाने मळमळे. तो गॅरेजात पाय ठेवत नसे. हा खेळ त्याला माहीतच नव्हता.

तिने मूठ धरली आणि स्क्रू पिळला. विचार नंतर आला.

मेस्त्रीला फोन केला तर तो उखडला. "मी बाहेरगावी आहे, ताई. आणि स्क्रू अर्धा सोडायला मी काय शिकाऊ आहे?"

संध्याकाळी तिने दादाला गाठलं. "तू गॅरेजात जातोस?"

"मी? त्या वासात?"

"गॅरेजची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे."

दादाने जुडग्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घे. वकिली सुरू केलीस की काय? अगं, झोपतेस तरी का तू हल्ली?"

तिने तरीही कुलूप बदललं. नव्या कुलपाची किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दोनेक दिवसांनी पाहिलं तर टपाची कडी घट्ट, एक स्क्रू अर्धा, मूठ दाराकडे. तिने पिळला. मग सीट. ती सरकत होती, पण इतकी पुढे आणून ठेवलेली की मोठ्या माणसाचे गुडघे मावू नयेत. तिथेही एक स्क्रू. तोही तिने पिळला आणि हात धुताना लक्षात आलं की आपण कोणालाच काही सांगितलेलं नाही.

संशयाला माणूस उरला नाही की तो घरभर मोकळा फिरतो. दादा भला होता, मेस्त्री भला होता. ती जेवताना गॅरेजकडे उतरणाऱ्या जिन्याकडे पाठ करून बसेना.

"विकून टाक," एके दिवशी तिनेच दादाला सांगितलं. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, बरं म्हणाला आणि रविवारी दुपारी गिऱ्हाईक आणायचं ठरवलं.

रविवारी ती आधी खाली गेली. शटर वर केलं, ऊन गाडीच्या पाठीपर्यंत आलं. टप लावलेला होता. चालवणाऱ्याच्या बाजूची कडी अडकवलेली, शेजारची मोकळी. काचा वर. शेजारच्या दाराला आतून, हँडलपाशी, एक स्क्रू अर्धा बाहेर. मूठ तिच्याकडे.

शेवटचंच, तिला वाटलं. ती गुडघे मुडपून त्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं, सवयीने आपली कडी अडकवली आणि स्क्रू पिळला. घट्ट बसेपर्यंत पिळला.

हँडल दाबलं. ते मोकळंच फिरलं.

पुन्हा दाबलं. फिरलं.

तेव्हा तिला आठवलं. ती चार-पाच वर्षांची होती, चालत्या गाडीचं दार तिने उघडलं होतं. बाबांनी करकचून ब्रेक दाबून गाडी थांबवली. त्याच दुपारी त्यांनी ते हँडल आतून निकामी केलं. दार फक्त बाहेरून उघडेल असं. "आता माझं शेपूट कुठे पडणार नाही." ती मोठी झाल्यावरच त्यांनी ते पूर्ववत केलं होतं.

सीट पुढे. काच बंद. हँडल मोकळं.

बाहेरून पत्र्यावर थाप पडली.

"अगं, शटर आतून का लावलंस?" दादा ओरडत होता. "लोक आलेत. उघड!"

ऊन कधी गेलं ते तिला कळलं नव्हतं. तिने शटर लावलं नव्हतं.

बाहेर पडायचं तर चालवणाऱ्याच्या सीटवरून सरकून पलीकडच्या दाराने जायला हवं होतं. तिने हात टेकायला उचलला.

त्या सीटखालची स्प्रिंग एकदाच वाजली.