विसाव्या मजल्याची लिफ्ट

दुपारी एक वाजता लिफ्टच्या छतातून लिफ्टवाल्या इदोवूच्या खांद्यावर रक्त ठिबकलं. छतावर ग्बोलाहान मरून पडला होता, उताणा. लागोसच्या मरिना रस्त्यावरच्या त्या काचेच्या बिल्डिंगमधला हा साधा कारकून विसाव्या मजल्यावरून थेट खाली आला होता.

इन्स्पेक्टर एकानेम मूळचा कालाबारचा; लागोसच्या बड्या लोकांचा थाट त्याच्या डोक्यात जायचा. ग्बोलाहानने सकाळीच त्याला फोन केला होता: कंपनीच्या गोदामाची भिंत पडून पाच मजूर मेले, त्याबद्दलचं एक पत्र घेऊन उद्या येतो. ते पत्र आता प्रेताच्या खिशात सापडलं.

खाली ग्बोलाहानची बायको आबिके बसून होती. "साहेब, त्यानं जीव दिला म्हणतात. मग पाद्री त्याला चर्चच्या आवारात पुरू देणार नाही. खरं काय ते शोधा."

विसाव्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं, आत नुसती पोकळी. उंबऱ्याच्या पितळी पट्टीवर बुटाच्या टाचेचा ताजा ओरखडा होता.

चेअरमन चीफ माकांजुओला खुर्चीतून उठले नाहीत.

"काय पाहिलंत?" एकानेमने विचारलं.

"मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. गड्यानं माझ्याकडे पाठ फिरवली, सरळ चालत गेला आणि उडी टाकली."

"दार कुणी उघडलं?"

"त्यानंच. माझ्या टेबलावरची लिफ्टच्या दाराची किल्ली उचलली असेल. भिंतीला तडे गेलेले त्याला ठाऊक होते, त्यानं ते दडपलं. मन खात असणार."

एकानेमने लिफ्टवाल्या इदोवूला आत बोलावलं.

"तू कुठं होतास रे?"

"ग्बोलाहानभाऊंना वर सोडलं, साहेब. लगेच चीफनी मला जेवण आणायला खाली धाडलं. आजवर कधी नाही ते."

"झालं ना? चल नीघ," चीफ गुरगुरले.

इदोवू कमरेत वाकला आणि चीफकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत दारातल्या एकानेमच्या पायावर आदळला. एकानेम पाय चोळत हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"इथं सगळे असेच जातात?"

"चीफना पाठ दाखवली की नोकरी जाते, साहेब. मी दार उघडं धरतो, लोक वाकून उलटे लिफ्टमध्ये शिरतात."

एकानेम चीफकडे वळला. "कुणी न विचारता पाठीची गोष्ट सांगितलीत, हात दाखवून अवलक्षण. ग्बोलाहान उलटाच गेला. म्हणून टाचेचा ओरखडा, म्हणून उताणा पडला. तुम्ही इदोवूला लिफ्टसकट खाली धाडलंत, ग्बोलाहानला इथं बसवून बाहेर किल्लीनं दार उघडलंत, मग त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलात. तडे त्यानं लेखी कळवले होते. खिशात सापडलेल्या त्या पत्रावर तुमचा शेरा आहे, 'डागडुजी नको'."

"मी त्याला हातही लावला नाही."

"नाही लावला. नुसता मुजरा घेतलात."

खाली येऊन एकानेमने आबिकेला सगळं सांगितलं. "पाद्री आता नाही म्हणणार नाही, बाई."

आबिकेनं मान वर केली. "म्हणजे मरतानाही वाकलेलाच होता?"

"हो."

"उडी मारली असती," ती म्हणाली, "तर निदान स्वतःच्या मर्जीनं गेला असता."