साज्याच्या खोडावरचं लाल

“उन्नती, टर्पेंटाईन घेतलंस का? जंगलखात्याचे साहेब अकरा वाजता येणार!” भाग्यश्रीनं सायकलवर टांग टाकत मैत्रिणीला हाक दिली.

दिवाळीची सुट्टी होती, पण तिच्या घरी फराळाला कुणी हात लावला नव्हता. तिचे बाबा, देवराव, भिलाई-३च्या पुढच्या नाल्याकाठच्या जंगलाचे राखणदार. तोडायच्या झाडांवर लाल पट्टा मारायचं काम त्यांचं. त्यांनी वीस रंगवली, तुटली सत्तावीस! “जास्तीचे पट्टे देवरावनंच मारले,” असं तोडणीचा मुकादम तेजरामनं ठोकून दिलं. आज नोकरी जाणार, कदाचित बाबाही तुरुंगात जाणार. जास्तीच्या पट्ट्यांचा रंग बाबांचाच आहे का, हे टर्पेंटाईननं पुसून पाहायचं भाग्यश्रीनं ठरवलं होतं.

जंगलात जास्तीची ती सात खोडं आडवी पडली होती, साज्याची म्हणजे ऐनाची, कवेत न मावणारी. प्रत्येकावर लाल ठिपका होता, पण त्याला पांढरी किनार! भाग्यश्रीनं नखानं खरवडलं. आत कापसासारखं पांढरं निघालं.

“उन्नती, हा रंग नाहीच! आईच्या मसाल्यातल्या दगडफुलाचं हे भावंड हाय. बुरशी आन् शेवाळ एकत्र संसार करते, सरांनी शिकवलं होतं ना!”

“लाल दगडफूल?”

“असते! ओल्या जंगलात सालीवर वाढते.”

तेवढ्यात जीप आली. मागे बाबा, मान खाली घालून. तेजराम खेकसला, “पोट्टेहो, इथं कावून आले? चला, भागो!”

“साहेब, दोन मिनिटं!” भाग्यश्री जागची हटली नाही. उन्नतीचे वडील रंगारी, त्यामुळे रंग काढायला टर्पेंटाईनमध्ये फडकं भिजवायचं कसं हे तिला पाठ. तिनं शेजारच्या खोडावरच्या बाबांच्या पट्ट्यावर घासलं, तर फडकं लालभडक! दुसरं फडकं साज्यावरच्या ठिपक्यावर घासलं. नुसता मळ! “हा रंग नाही साहेब, दगडफूल हाय!” भाग्यश्री म्हणाली.

साहेबांनी तेजरामकडे वळून विचारलं, “तू प्रत्येक झाड स्वतः पाहिलंस?”

“मी... ट्रॅक्टरवरूनच सांगितलं. लाल दिसला की कापा म्हणून.”

“आणि आळ याच्यावर!” साहेब गरजले. त्यांनी तिथल्या तिथे काम थांबवलं आणि देवरावांचे हात धरले. “चूक आमची. शाब्बास पोरींनो! आमच्याजवळ कागद होते, पण पाहिलं तुम्ही.”

भाग्यश्रीला वाटलं, आता बाबा हसतील. पण ते पडलेल्या साज्यापाशी गेले आणि त्याच्या खोडावर हात ठेवून मोठ्यानं रडले. “माह्या राखणीत गेले रे हे,” एवढंच म्हणाले. बाबांना रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.